झोप आधी की उदासी आधी?

"डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या." तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही ही मागणी नवी नाही. 'मला उदास वाटतंय' असं म्हणत दवाखान्याची पायरी चढणारा माणूस मात्र क्वचितच भेटतो. लोक येतात ते डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही असं सांगत. आणि सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता, झोपेचा विषय निघतो. कुणाची अर्धी रात्र कूस बदलण्यात जाते. कुणाचा दहाला डोळा लागतो आणि तीनला टक्क जाग येते, ती येतेच. कॉलेजात जाणारी मुलगी दुपारी बारापर्यंत पांघरुणातून बाहेर येत नाही म्हणून आई तिला जवळजवळ ओढतच घेऊन येते. आईच्या मते हा आळस आहे आणि त्यावर ताकदीचं टॉनिक हवं आहे. उदासीला आपल्याकडे अजूनही थेरं म्हणतात, सुखातलं दुखणं म्हणतात. झोप न लागण्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. शेजारणीला सांगता येईल, सासूसमोर बोलता येईल अशी ही अब्रूदार तक्रार आहे. त्यामुळे नैराश्याचा रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतो तो बऱ्याचदा झोपेचं निमित्त घेऊन. तिथे त्याला झोपेची गोळी मिळते आणि तो तसाच घरी परततो.

हे पुस्तक त्या परतणाऱ्या माणसासाठी आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक अशा दोघींनी मिळून ते लिहिलं आहे. नैराश्य सोबत असताना झोप कशी सुधारायची, एवढाच त्याचा विषय. विषय आटोपशीर आहे, पण त्याच्यामागे गेल्या तीन-चार दशकांत झालेला एक मोठा मतपालट आहे. तो ठाऊक नसेल तर पुस्तकातल्या काही सूचना चक्रमपणाच्या वाटतील. म्हणून ही थोडी लांबलेली प्रस्तावना.

झोप आणि मन यांचं नातं जुन्या लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत आणि माणसाचं सुखदुःख, बळ आणि अशक्तपणा झोपेच्या हवाली केला आहे. त्याच ग्रंथात दिवसा झोपू नये असा दंडक घालून पुढे सवलतींची यादी दिली आहे. त्या यादीत लहान मुलं, म्हातारी माणसं, प्रवासानं शिणलेले यांच्याबरोबर क्रोध, शोक आणि भय यांनी थकलेली माणसंही आहेत. शोकानं माणूस थकतो आणि त्या थकव्याला झोपेची सूट द्यावी लागते, ही नोंद मला फार आवडते. दिवसा आडवी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत ती मोठ्यानं वाचून दाखवावी. तिकडे इंग्लंडात रॉबर्ट बर्टननं 1621 साली विषादावर जो अवाढव्य ग्रंथ लिहिला, त्यातही जागरण हे विषादाचं लक्षण आहे आणि कारणही आहे असं दोन्ही बाजूंनी म्हटलं आहे.

विसाव्या शतकात यातली एक बाजू गळून पडली. मनाच्या रोगांची रीतसर वर्गवारी झाली आणि झोप गेली लक्षणांच्या रकान्यात. मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 साली नैराश्याची तीव्रता मोजणारी जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती आजही संशोधनात वापरतात. तिच्या 17 कलमांपैकी 3 निव्वळ झोपेची आहेत: झोप लागायला वेळ लागतो का, मध्येच मोडते का, पहाटे फार लवकर जाग येते का. सतरांत तीन म्हणजे मान मोठाच, पण तो लक्षणाचा मान होता. तापात अंग तापतं तशी नैराश्यात झोप जाते. मूळ दुखणं उतरलं की ती आपसूक परत येईल, तिच्यासाठी वेगळं काही करायचं कारण नाही, असंच आमच्या पिढीच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं.

या शिकवणुकीला पहिला जोराचा धक्का 1989 साली बसला. अमेरिकेत डॅनियल फोर्ड आणि डग्लस कॅमेरो यांनी सुमारे 8,000 लोकांच्या, वर्षभराच्या अंतरानं दोनदा घेतलेल्या मुलाखती तपासल्या. दोन्ही वेळा ज्यांची झोप बिघडलेली होती, त्यांना त्या काळात नव्यानं नैराश्य जडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ज्यांचा निद्रानाश मधल्या काळात मिटला होता, त्यांच्यात ते बरंच कमी होतं. म्हणजे झोप आधी बिघडली होती, मन नंतर. पुढे असे अभ्यास होत राहिले. 2011 साली त्यांची एकत्र छाननी झाली तेव्हा नैराश्य नसलेल्या, पण झोप गेलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट दिसला. उलट बाजूनंही हिशेब जुळेना. औषधांनी मन सावरलेल्या पुष्कळ रुग्णांची झोप मात्र मागेच राहायची, आणि ज्यांची मागे राहायची त्यांचं दुखणं उलटण्याची भीती जास्त असायची. अखेर 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपल्या 'डीएसएम-5' या निदानग्रंथातून 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' निद्रानाश हा भेदच काढून टाकला. दोन्ही दुखणी असतील तर दोन्हींकडे पाहा, कुणाच्या पोटी कोण जन्मलं याचा वाद घालत बसू नका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. या पुस्तकाचा पायाही हाच आहे.

झोपेच्या आत काय घडतं हे कळायलाही वेळ लागला. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला तो विलक्षण टप्पा शोधला, ज्यात मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात आणि सविस्तर स्वप्नं पडतात. त्याला रेम झोप म्हणतात. निरोगी प्रौढ माणूस झोपल्यावर साधारण दीड तासानं तिच्यात शिरतो. नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ती फार लवकर येते आणि रात्रीच्या सुरुवातीची गाढ, संथ लहरींची झोप घटते, असं डेव्हिड कुप्फर आणि इतरांना 1970 च्या दशकात दिसलं. मग आशा लागली की रक्तातली साखर मोजावी तसं नैराश्यही झोपेच्या आलेखावरून पकडता येईल. ते जमलं नाही. असे आलेख इतर आजारांतही दिसू लागले आणि नैराश्याच्या सगळ्याच रुग्णांत दिसेनात. मला विचाराल तर ते बरंच झालं. एरवी आज 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' असं ऐकून परतणाऱ्यांची रांग लागली असती.

त्याच सुमाराला जर्मनीतून एक उफराटी गोष्ट समोर आली. काही रुग्ण सांगत होते की अख्खी रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी मन हलकं वाटतं. बुर्कहार्ड फ्लुग आणि रायनर ट्योले यांनी 1971 मध्ये याचा रीतसर अभ्यास मांडला. खरोखरच निम्म्याच्या आसपास रुग्णांना एका रात्रीच्या जागरणानं उतार पडतो. आणि पुढच्या झोपेनंतर बहुतेकांचं मन पुन्हा खाली येतं. झोपेशिवाय मन बिघडतं आणि झोप हिसकावून घेतल्यावर ते तात्पुरतं सुधारतं, या कोड्याची पुरती उकल अजून झालेली नाही. काही देशांत प्रकाशोपचार आणि औषधं यांच्या जोडीनं हा उपचार रुग्णालयात, देखरेखीखाली करतात. वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. द्विध्रुवी (बायपोलर) आजार असलेल्या माणसाचं मन अशा जागरणानं उसळी मारून उन्मादाकडे जाऊ शकतं.

या साऱ्या पसाऱ्यातून सामान्य वाचकाच्या खऱ्या उपयोगाची एक कल्पना निघाली, ती झ्युरिचच्या अलेक्झांडर बॉर्बेली यांनी 1982 मध्ये मांडली. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक झोपेचा दाब: जागं राहू तितका तो साचत जातो आणि झोपलो की उतरतो. दुसरी शरीरातली घड्याळाची चाल. तिच्यामुळे रात्री शरीराचं तापमान उतरतं, पहाटेआधी ते तळाला जातं आणि मग उजाडण्याच्या तयारीला लागतं. हे घड्याळ रोज थोडं सरकतं आणि सकाळच्या उजेडानं जागेवर येतं. पेशींमधली ही यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. आता नैराश्यातल्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठवत नाही, म्हणून दहापर्यंत अंथरूण. खिडकीचा पडदा ओढलेला. बाहेर जाणं नाही, अंगमेहनत नाही. जेवण झालं की पुन्हा आडवं. संध्याकाळपर्यंत झोपेचा दाब साचायला जागाच नाही, आणि घड्याळाला उजेड दिसलेला नाही. रात्री अकराला हा माणूस 'आज तरी झोप लागू दे' म्हणत दिवा मालवतो तेव्हा शरीरात झोपेची काहीच तयारी झालेली नसते. यात त्याचा दोष नाही. दुखणंच त्याला आडवं करतं, आणि आडवं होणंच दुखण्याला पोसतं.

उपचारांच्या दोन परंपरा इथून निघतात, आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. पहिली गोळ्यांची. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना 1950 च्या दशकात इमिप्रामीनचा गुण दिसला आणि 1957 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. नैराश्यावरच्या औषधांची एक मोठी शाखा तिथून सुरू झाली. 1960 पासून बेन्झोडायझेपाइन गटातल्या गोळ्या आल्या. पुढे फ्लुओक्सेटीन आणि त्याची भावंडं आली, ज्यांनी नैराश्याचा उपचार साध्या दवाखान्यापर्यंत आणला. यांतली प्रत्येक गोष्ट झोपेला वेगवेगळ्या तऱ्हेनं हात लावते. मिर्टाझापीन, ॲमिट्रिप्टिलीन गुंगी आणतात. फ्लुओक्सेटीनसारखं औषध काहींना उलट तरतरी आणतं, म्हणून ते बहुधा सकाळी घ्यायला सांगतात. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप आणखी चाळवते, स्वप्नं विचित्र आणि ठसठशीत पडतात. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पाकीट फेकून देतो. हे पुस्तक औषधांच्या विरोधात नाही, हे मुद्दाम सांगतो. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध ही अनेकांची गरज असते आणि ते मनानं थांबवू नये.

माझी खरी तक्रार अल्प्राझोलामबद्दल आहे. पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, देव्हाऱ्याच्या फळीवर कात्रीनं कापलेली पट्टी असते. 'अर्धीच घेते हो डॉक्टर', असं म्हणणाऱ्या बाईला ती अर्धी कुणी सुरू केली ते आठवत नाही. दिली होती आठ दिवसांसाठी आणि चालू राहिली वर्षानुवर्षं. ही गोळी झोप आणते हे खरं, पण शरीर तिला सरावतं, आणि म्हातारपणी ती पडण्याचं, विसरण्याचं निमित्त होते. नैराश्याचं मूळ ती हलवत नाही. 2014 पासून ती औषधांच्या एच-1 अनुसूचीत आहे, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि विक्रीची नोंद ठेवावी. नियम चांगला आहे. गावोगावच्या काउंटरवर तो किती पाळतात हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मात्र वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळूच उतरवावी लागते.

दुसरी परंपरा वागण्याची. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये एक साधी गोष्ट सांगितली: ज्याला झोप लागत नाही त्याच्यासाठी अंथरूण ही जागरणाची जागा होऊन बसते. तिथे तो विचार करतो, हिशेब करतो, रडतो, मोबाइल पाहतो. अंथरूण पाहिलं की मेंदू जागा होतो. म्हणून झोप आली तरच आडवं व्हायचं आणि झोप नसेल तर उठून बसायचं. 1977 मध्ये पीटर हाउरी यांनी झोपेच्या चांगल्या सवयींची यादी केली, ती आज सगळ्यांना पाठ आहे: संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, खोली काळोखी हवी. या याद्या खोट्या नाहीत, पण जुनाट निद्रानाशाला नुसत्या त्या पुरत नाहीत. कित्येक चाचण्यांत तुलनेसाठी दुसऱ्या गटाला निव्वळ अशी माहिती देतात, ती याचसाठी. व्हॉट्सॲपवर मात्र तीच फिरत असते.

खरी ताकद आहे ती आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडलेल्या पद्धतीत. तिचं एक पान जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, एक बाई साडेनऊला आडवी होते आणि सातला उठते. अंथरुणात साडेनऊ तास. झोपेच्या नोंदींच्या आठवडाभराच्या वहीतून दिसतं की प्रत्यक्ष झोप साडेपाच तासच आहे, म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या 58 टक्के. उरलेले चार तास कूस बदलणं, छताकडे पाहणं आणि स्वतःला दूषणं देणं. घरचे सांगतात, लवकर पड, आराम कर. स्पीलमन सांगतात, अंथरुणातला वेळच साडेपाच तास करा. झोपायचं साडेबाराला, उठायचं सहाला, रात्र कशीही गेली तरी. सुरुवातीचे दिवस वाईट जातात. पण दाब साचत जातो, झोप गोळा होते, मोडायची थांबते. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्क्यांहून अधिक वेळ झोप येऊ लागली की पंधरा मिनिटं आधी आडवं व्हायची मुभा. असं करत करत झोप वाढवायची. पाच तासांच्या खाली जायचं नाही, हा दंडक. द्विध्रुवी आजार, फिट्स, रात्रीचं ड्रायव्हिंग किंवा मशिनवरचं काम असेल तर हा प्रयोग डॉक्टरशिवाय करायचाच नाही. या पुस्तकाच्या लेखिका नैराश्याच्या रुग्णांसाठी आणखी सौम्य प्रकार सुचवतात: वेळ एकदम न कापता आठवड्यागणिक थोडी थोडी आत घ्यायची. मला ते शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या अंगात आंघोळीपुरतंही त्राण नाही, त्याला शिस्तीचा बडगा दाखवून काय मिळणार?

या सगळ्या तंत्रांना झोपेविषयीच्या भीतीदायक विचारांवरच्या कामाची जोड देऊन चार्ल्स मोरँ यांच्यासारख्यांनी 1990 च्या दशकात पूर्ण उपचारपद्धती बसवली. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच द्यावी अशी शिफारस केली. नैराश्यात तिचा किती उपयोग होतो? उत्तर सरळ नाही. रेचल मॅनबर यांच्या 2008 च्या छोट्या चाचणीत औषधाबरोबर ही पद्धत दिलेल्यांचं नैराश्य जास्त उतरलं. पुढच्या मोठ्या चाचणीत झोप नक्की सुधारली, पण नैराश्यातला फरक ठाम म्हणण्याइतका निघाला नाही. दुसरीकडे मायकेल अर्विन यांच्या गटानं 60 वर्षांपुढच्या, निद्रानाश असलेल्या पण नैराश्य नसलेल्या 291 लोकांना तीन वर्षं तपासलं. 2022 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ही पद्धत शिकलेल्यांपैकी सुमारे 12 टक्के जणांना नैराश्य आलं, तर केवळ झोपेची माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे 26 टक्के जणांना. तेव्हा झोप सुधारली की नैराश्य पळालंच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका; झोपेनं काय होणार असं म्हणणाऱ्यावरही ठेवू नका.

हे सगळं झ्युरिच आणि शिकागोचं झालं. आपल्या घरात ते कसं बसवायचं, इथे पुस्तकाची खरी कसोटी आहे. 'झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा' हा नियम लालबागच्या एका खोलीत पाच माणसं झोपत असताना कसा पाळायचा? लेखिकांचं उत्तर व्यावहारिक आहे: भिंतीला पाठ टेकून बसा, किंवा चटई स्वयंपाकाच्या ओट्याजवळ टाका, जागा बदलता येत नसेल तर अंगाची बैठक बदला. नळाला पाणी पहाटे चारला येत असेल तर उठायची वेळ चारच धरून मागे हिशेब करायचा, कारण बादल्या भरणारी त्या घरात एकच असते. विदर्भ-मराठवाड्यात शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं रात्रीही येते. रब्बीत पाणी द्यायला बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला 'ठरलेल्या वेळी झोपा' हे सांगणं क्रूर थट्टाच आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना 2017 पासून आहे. मी तिला आरोग्याचीही योजना मानतो. काही घरांच्या झोपेचा इलाज दवाखान्याच्या बाहेरच आहे.

आपल्याकडचं कामही कमी नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं दाखवून दिलं की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात बसूनही नैराश्यावर उपचार करता येतात. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीतला उपचार साधा होता: मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटं काम करायचं. विदर्भातल्या गावांत 'विश्राम' या उपक्रमातून हेच काम झालं आणि उपचाराकडे वळणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. झोपेच्या बाजूनं पाहिलं तर या पद्धतीत आणखी एक लाभ दडलेला आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसणं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं यातून घड्याळाला उजेड मिळतो आणि दाब साचायला सुरुवात होते. प्रस्तुत पुस्तकात मला सगळ्यात जास्त पटलेला धागा हाच: रात्रीची झोप सकाळी कमवायची.

झोपेच्या प्रत्येक तक्रारीमागे नैराश्यच असतं असंही नाही, आणि नैराश्य असलं तरी सोबत दुसरं काही नसेलच असं नाही. जो मोठ्यानं घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसभर पेंगतो, त्याची घोरण्याची तपासणी आधी व्हावी. 'रात्री पाय वळवळतात, चोळावेसे वाटतात' म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह पाहावं. भारतात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि लोह कमी असलं की हा त्रास बळावतो. काही नैराश्यरोधक गोळ्याही तो वाढवतात. थायरॉइड तर आहेच. दोन-तीन तास झोपून ताजातवाना असणारा, भराभर बोलणारा, उधळपट्टी करू लागलेला माणूस निद्रानाशाचा रुग्ण नसतो; त्याला वेगळ्या औषधाची आणि लवकर गरज असते. दुपारपर्यंत झोपणाऱ्या तरुणांना पुस्तकानं स्वतंत्र जागा दिली, हे चांगलं केलं. नैराश्यात झोप वाढतेही, विशेषतः तरुणपणी, आणि त्यांच्या वाट्याला सहानुभूतीऐवजी टोमणे येतात.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता. पहाटेच्या जागरणात मनाला सगळं दिवसापेक्षा काळं दिसतं, आणि जगणं नको वाटण्याचे विचारही त्या वेळी जोर धरतात. दीर्घ निद्रानाश हा त्या बाबतीत स्वतःच एक धोक्याचा इशारा आहे. असे विचार येत असतील तर ते घरातल्या कुणाला तरी उठवून सांगावेत, सकाळची वाट पाहू नये. 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर खरं तर बाजारात आहे. मनाविषयी बोलणं आता थोडं मोकळं झालं आहे. नैराश्यावरच्या 'कासव' या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच वेळी झोप हा विकायचा मालही झाला. मेलाटोनिनच्या गोड गोळ्या, मनगटावरची घड्याळं, 'दहा मिनिटांत गाढ झोप'चे रील. घड्याळानं सकाळी कमी गुण दिले म्हणून दिवसभर खिन्न राहणारी माणसं मी पाहतो आहे. आधीच स्वतःला नापास समजणाऱ्या मनाला आणखी एक प्रगतिपुस्तक कशाला?

लेखिकांशी माझा एकच मतभेद आहे, दुपारच्या झोपेवर. त्या ती सरसकट बंद करायला सांगतात. वामकुक्षी हा आमच्याकडे धर्माचा भाग आहे, आणि पुण्यातल्या काही दुकानदारांना तर ती घटनादत्त अधिकार वाटते. तीनच्या आत, गजर लावून, वीस मिनिटं, एवढी सूट मी माझ्या म्हाताऱ्या रुग्णांना देतो. बाकी त्यांच्या मांडणीत मला खोट दिसत नाही. त्या चमत्काराचं आश्वासन देत नाहीत, घाई करत नाहीत, आणि ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवसासाठीही त्यांच्याकडे एक परिच्छेद आहे.

नैराश्यात चार ओळींपुढे वाचवत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. वही भरण्याचा भाग आधी काढा, किंवा घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. वही शाळकरी, दहा-वीस रुपयांची चालते. ती सकाळी चहा घेताना भरायची, अंदाजानं. रात्री घड्याळ पाहून मिनिटं टिपायची नाहीत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं तर उत्तम. आठवडा झाला की ती वही घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि गोळी मागण्याआधी ती त्यांच्या टेबलावर ठेवा.